शेवट ठाऊक असताना वाचायची कादंबरी

महोदय,

अद्भुत कादंबरीचा शेवट कळला की ती संपली, मग ती फार तर मुलांच्या हाती द्यावी, असे मत पुस्तकांविषयीच्या लेखनात वारंवार दिसते. जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या बाबतीत हे मत चुकीचे आहे. ही कादंबरी पहिल्या वाचनात निम्मीच हाती लागते. त्याचे कारण पुस्तकाच्या बांधणीत आहे आणि ती बांधणी वही-पेन्सिल घेऊन तपासता येते. ती कशी तपासावी, हे सांगण्यासाठी हे पत्र. ज्यांनी कादंबरी अजून वाचलेली नाही त्यांनी ते बाजूला ठेवावे, कारण पुढे शेवटासकट सगळे येणार आहे.

शेवट ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा ऐकणे आपल्याला नवे नाही. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही हे माहीत असते. भारती युद्धात भीष्मांचे १० दिवस, द्रोणांचे ५, कर्णाचे २ आणि शल्याचा जेमतेम अर्धा, हा हिशेबही पुष्कळांना तोंडपाठ असतो. कोणत्या दिवशी कोण कुठे होते हे कळले की त्याच प्रसंगाचे वजन बदलते. टोल्किन यांच्या कादंबरीलाही असाच दिवसांचा हिशेब आहे. तो मूळ कथेत विखुरलेला आहे आणि तिसऱ्या खंडाच्या शेवटी, परिशिष्ट ‘बी’मध्ये, तारीखवार मांडलेला आहे. पहिल्या वाचनात बहुतेक जण परिशिष्टांपर्यंत पोचतच नाहीत. दुसऱ्या वाचनाची सुरुवात तिथूनच करावी.

तिथे पोचल्यावर पहिली अडचण येते ती ‘३० फेब्रुवारी’ची. पुष्कळांना ती छपाईची चूक वाटते, पण ती चूक नाही. तारखा हॉबिटांच्या, म्हणजे कथेतल्या बुटक्या लोकांच्या, शायर प्रांतातल्या कालगणनेनुसार आहेत आणि ही कालगणना परिशिष्ट ‘डी’मध्ये समजावलेली आहे. तिच्यात बाराही महिने ३० दिवसांचे, म्हणजे ३६० दिवस. उरलेले ५ दिवस कोणत्याच महिन्यात नाहीत: २ वर्षाच्या सांध्यावर आणि ३ ऐन उन्हाळ्यात. दर चौथ्या वर्षी उन्हाळ्यात आणखी एक दिवस वाढतो. अधिक मासाची सवय असलेल्या वाचकाला हे पचायला जड नाही. मात्र हे लक्षात न घेता आपल्या दिनदर्शिकेने दिवस मोजले, तर २८ फेब्रुवारीनंतर सगळा हिशेब दोन दिवसांनी घसरतो आणि चंद्राच्या नोंदी जुळेनाशा होतात.

आता वही. कथा थोडक्यात अशी: मॉर्डोरचा दुष्ट सत्ताधीश सौरॉन याची अंगठी नष्ट करायला हॉबिट फ्रोडो सोबत्यांसह निघतो; त्यांत त्याचा सेवक सॅम, मेरी आणि पिपिन हे हॉबिट, मांत्रिक गँडाल्फ, राजवंशज ॲरागॉर्न आणि गोंडोर राज्याचा बोरोमिर असतात. बोरोमिर धारातीर्थी पडतो आणि सोबत्यांची फाटाफूट होते तो दिवस २६ फेब्रुवारी. अंगठी अग्निपर्वतात नष्ट होते तो २५ मार्च. दोन्ही दिवस धरून बरोबर ३० दिवस होतात. वहीची ३० पाने घ्यावीत, एका दिवसाला एक. पानावर तीन रकाने आखावेत: पश्चिमेला रोहान आणि गोंडोर या राज्यांकडे काय चालले आहे, पूर्वेला फ्रोडो आणि सॅम कुठे आहेत, आणि आकाश. हा तिसरा रकाना टाळू नये, सगळी गंमत त्यात आहे. चंद्र, ढग, वारा, सूर्य किती वाजता दिसला वा दिसला नाही, असे जे सापडेल ते टिपावे. मजकुरात तारखा फार थोड्या ठिकाणी येतात. ‘दुसऱ्या सकाळी’, ‘त्या रात्री’ असे मोजत जावे लागते. सर्वांत जास्त चूक होते ती चौथ्या भागात (तीन खंडांत मिळून सहा भाग आहेत), कारण अंगठीचा जुना धनी गॉलम याच्या मागोमाग फ्रोडो आणि सॅम रात्री चालतात आणि दिवसा झोपतात, त्यामुळे एकाच मजलीत तारीख बदलते. अडले की परिशिष्ट ‘बी’शी ताडून पाहावे आणि पुढे जावे.

नमुन्यादाखल २९ फेब्रुवारीचे पान पाहा. सूर्योदयाला रोहानचे घोडेस्वार ऑर्कांच्या, म्हणजे शत्रूच्या राक्षसी सैनिकांच्या, टोळीवर तुटून पडतात. त्या टोळीने पकडलेले मेरी आणि पिपिन निसटून अरण्यात शिरतात आणि त्यांना वृक्षपालक ट्रीबिअर्ड भेटतो. त्याच दिवशी, पुष्कळ दूर, फ्रोडो आणि सॅम एमिन मुइलचे कडे उतरतात आणि गॉलम त्यांच्या हाती लागतो. आणि त्याच रात्री फारामिरला आपला भाऊ बोरोमिर याचा देह घेऊन नदीवरून वाहत जाणारी नाव दिसते. पुस्तकात या घटना तीन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन भागांत विखुरलेल्या आहेत. नावेची हकीकत तर फारामिरच्याच तोंडून, फार उशिरा कळते. एका पानावर त्या शेजारी-शेजारी आल्या की मग लक्षात येते: बोरोमिरच्या चुकीने जे दोन हॉबिट पकडले गेले ते सुटले त्याच दिवशी, आणि त्याचा देह भावाच्या नजरेसमोरून गेला तोही त्याच दिवशी. लेखकाने हे कुठेही बोलून दाखवलेले नाही.

चंद्राचा हिशेब तर फार सुंदर आहे. लॉरिएन या एल्फांच्या, म्हणजे अमर लोकांच्या, राज्यात प्रवासी शिरतात तेव्हा चंद्र उतरणीला लागलेला असतो. तिथून निघून नदीवर एक आठवडा गेल्यावर सॅमला पश्चिमेला बारीक कोर दिसते आणि तो चक्रावतो, कारण हिशेबाने त्या राज्यातला मुक्काम जणू घडलाच नाही. पहिल्या वाचनात हा एल्फांच्या जादूचा एक भास वाटून जातो. परिशिष्ट काढून पाहिले तर तिथल्या नगरात पोचल्याची तारीख १७ जानेवारी आणि निघाल्याची १६ फेब्रुवारी. महिने ३० दिवसांचे, म्हणजे २९ दिवस. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस लागतात. म्हणजे मुक्काम जवळजवळ नेमका एका चांद्रमासाचा होता आणि म्हणून चंद्र पुन्हा तिथल्या तिथे आला. पंचांग पाहणाऱ्या घरातल्या वाचकाला हे कोडे सॅमच्या आधी सुटायला हवे!

तीच कोर पुढे मोजत न्यावी. फेब्रुवारीच्या २२ तारखेच्या सुमारास ती दिसली, तर पौर्णिमा मार्चच्या ७ तारखेच्या आसपास यायला हवी. आणि तशीच ती येते. चौथ्या भागात फारामिर फ्रोडोला पहाटे उठवतो आणि धबधब्यामागच्या गुहेबाहेर पूर्ण चंद्र मावळताना दिसतो. मध्ये चार प्रकरणे जातात, खंड बदलतो आणि पाचव्या भागाच्या सुरुवातीला गँडाल्फच्या घोड्यावर बसलेला पिपिन त्याच रात्रीच्या चांदण्यात फ्रोडोची काळजी करत असतो. दोघे एकच चंद्र पाहत आहेत हे लेखक तिथे एका वाक्यात सांगतो, पण प्रथम वाचणारा तोपर्यंत गुहेतली पहाट विसरलेला असतो. हे आपोआप जुळून आलेले नाही. मे १९४४मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात टोल्किन यांनी कबूल केले आहे की आपले चंद्र अशक्य चाळे करत होते, एका मुलखात उगवत होते आणि त्याच वेळी दुसरीकडे मावळत होते. ते दुरुस्त करायला त्यांनी लिहून झालेल्या प्रकरणांत पुन्हा हात घातला. हाच हिशेब आणखी पंधरा दिवस पुढे नेला तर अमावास्या २२ मार्चच्या सुमारास पडते. म्हणजे मॉर्डोरमधल्या शेवटच्या रात्री धूर नसता तरी चंद्राविनाच गेल्या असत्या.

ढग आणि वारा यांचेही असेच. १० मार्चला मॉर्डोरमधून काळोख पसरतो. त्या दिवशी तिन्हीसांजेला क्रॉसरोड्सपाशी सूर्य क्षणभर ढगाखालून डोकावतो आणि तुटून पडलेल्या राजाच्या दगडी मस्तकावर उजेड पडतो. तोच क्षण गोंडोरची राजधानी मिनास तिरिथच्या तटावरून पाचव्या भागात पुन्हा येतो, पण तिथे तो उजेड पोचत नाही. मग १५ मार्च. सहाव्या भागात सॅम मॉर्डोरच्या उजाड दरीतून वर पाहतो तर वारा फिरलेला आणि पश्चिमेकडून काळोख मागे रेटला जात असलेला. त्याला एवढेच कळते की कुठेतरी काहीतरी चांगले घडते आहे. आपल्याला ठाऊक असते की याच वाऱ्याने ॲरागॉर्नची गलबते नदीतून वर आणली आणि याच सकाळी रोहानचा राजा थेओडेन रणांगणावर अखेरचे श्वास घेत होता. १५ मार्चचे एक पान पुरणार नाही. त्या एका तारखेत पाचव्या भागातली चार-पाच प्रकरणे आणि सहाव्यातला मजकूरही येतो, म्हणून तिथे दोन पाने कोरी सोडावीत.

पुनर्वाचनात सर्वांत जास्त बदलते ते डेनेथॉरचे पात्र. गोंडोरचा हा कारभारी, बोरोमिर आणि फारामिर यांचा बाप, पहिल्या वाचनात मुलाच्या दुःखाने वेडा झालेला हट्टी म्हातारा वाटतो. वहीत १३ मार्चचे पान उघडा. त्या दिवशी जखमी फारामिरला शहरात आणतात. डेनेथॉर बुरुजावरच्या गुप्त खोलीत जातो, तिथे उजेड लुकलुकतो, आणि तो खाली येतो तेव्हा एकदम थकलेला, मेलेल्यासारखा दिसतो. नंतर तो पिपिनला म्हणतो की मूर्खांची आशा फसली, शत्रूला ती वस्तू, म्हणजे अंगठी, सापडली. त्या खोलीत पलांतीर हा दूरदर्शी दगड होता हे पुढे कळते. त्याला त्यात काय दिसले ते लेखक सांगत नाही. पण त्याच १३ मार्चच्या पूर्वेकडच्या रकान्यात लिहिलेले असते: फ्रोडो ऑर्कांच्या हाती सापडला. तारखा शेजारी ठेवल्यावर माझे मत पक्के आहे की डेनेथॉरला बंदिवान हॉबिट दिसला. दगड खोटे दाखवत नाही. अंगठी त्या वेळी फ्रोडोजवळ नव्हती, ती सॅमजवळ होती, हे मात्र दगडात दिसण्यासारखे नव्हते. पुढे काळी गलबतेही त्याला खरीच दिसली, फक्त त्यांवर ॲरागॉर्न आहे हे दिसले नाही.

हे एकदा ध्यानात आले की अर्धवट दिसण्याचा हा धागा सगळीकडे सापडू लागतो. ५ मार्चच्या रात्री पिपिन अशाच दुसऱ्या एका दगडात डोकावतो, तेव्हा सौरॉनला हॉबिट दिसतो आणि तो चुकीचा निष्कर्ष काढतो. दुसऱ्या दिवशी ॲरागॉर्न मुद्दाम दगडापुढे उभा राहून पुन्हा घडवलेली तलवार दाखवतो. तेही खरेच, पण सौरॉन त्यावरूनही चुकतो आणि तयारी पुरी होण्याआधी हल्ला करतो. २५ मार्चला मॉर्डोरच्या काळ्या दरवाज्यापाशी सौरॉनचा दूत फ्रोडोचे चिलखत, सॅमची तलवार आणि एल्फांचा अंगरखा समोर टाकतो. वस्तू खऱ्या आहेत, पण त्यावरून जे सुचवले जाते ते खोटे आहे. पाचवा भाग तिथेच संपतो. सहावा भाग ११ दिवस मागे, १४ मार्चला सुरू होतो. पहिल्या वाचनात आपणही डेनेथॉरच्याच जागी असतो. दुसऱ्या वाचनात आपल्याला खरे ठाऊक असते, आणि मग गँडाल्फने त्या वस्तू पाहूनही सौरॉनच्या अटी का धुडकावल्या, हा प्रसंग वेगळाच दिसतो. त्याला आपल्याइतके ठाऊक नव्हते.

गॉलमचा शेवट अनेकांना योगायोग वाटतो: पाय घसरला, पडला, गोष्ट संपली. हा आक्षेप घेणाऱ्यांनी चौथ्या भागातले तिसरे प्रकरण पुन्हा वाचावे. गॉलमने अंगठीचीच शपथ घेतलेली असते. काळ्या दरवाज्यासमोर फ्रोडो त्याला बजावतो की वेळ आली तर मी अंगठी घालून आज्ञा करीन, आणि ती कड्यावरून उडी टाकण्याची किंवा आगीत झोकून देण्याची असली तरी तुला पाळावी लागेल. पर्वताच्या उतारावर तो पुन्हा म्हणतो की यापुढे मला हात लावलास तर तूच आगीत फेकला जाशील. थोड्याच वेळात गॉलम हात लावतो, अंगठी हिसकतो आणि पडतो. पेन्सिलीने या तीन जागांवर खुणा केल्या तर योगायोगाचा आक्षेप टिकत नाही. चौथी खूण ११ मार्चला, जिन्यावर झोपलेल्या फ्रोडोच्या गुडघ्याला गॉलम हलकेच स्पर्श करतो तिथे. तो त्या क्षणी बदलण्याच्या काठावर असतो. सॅम जागा होतो, खेकसतो, आणि ती वेळ निघून जाते. टोल्किन यांनी एका पत्रात हा क्षण आपल्या लेखी कदाचित सर्वांत शोकात्म असल्याचे म्हटले आहे. सॅमवर प्रेम करणाऱ्या वाचकाला हा प्रसंग दुसऱ्यांदा वाचणे जड जाते.

पहिल्या भागातली टॉम बॉम्बाडिल या गूढ वनवासी पात्राची प्रकरणे ‘अनावश्यक’ म्हणून उडवणारे पुष्कळ आहेत. २००१पासूनच्या चित्रपटांनीही ती गाळली. पण मेरीची आखूड तलवार तिथल्याच थडग्यातून येते. जुन्या उत्तर-राज्यातल्या कारागिराने ती नाझगुल या सौरॉनच्या काळ्या स्वारांच्या म्होरक्याच्याच राज्याशी लढताना घडवलेली, आणि शेकडो वर्षांनी तिचा घाव त्यालाच बसतो. दुसऱ्या कोणत्याही पात्याने तो घाव झाला नसता, असे कादंबरी स्पष्ट सांगते. तो कारागीर हे पाहायला असता तर त्याला किती आनंद झाला असता, असा एक उद्गारही तिथे येतो. थडग्याचे प्रकरण गाळलेल्याला तो कारागीर कोण, हेच कळत नाही.

आता एक गोष्ट, जी मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा लवकर कळावी. परिशिष्ट ‘एफ’नुसार ही कादंबरी म्हणजे एका जुन्या भाषेतून केलेले भाषांतर आहे, अशी टोल्किन यांची बतावणी आहे. त्या भाषेत ‘तू’ आणि ‘आपण’ असा भेद होता, पण शायरच्या हॉबिटांच्या बोलीतून आदरार्थी रूप जवळपास गेलेले होते. म्हणून पिपिन मिनास तिरिथला गेल्यावर सगळ्यांना, खुद्द डेनेथॉरलाही, ‘तू’ म्हणतो! ऐकणाऱ्यांना वाटते की ज्या अर्थी हा कारभाऱ्याला अरेतुरे करतो त्या अर्थी हा आपल्या मुलखाचा राजपुत्रच असणार. आजच्या इंग्रजीत हे दाखवायला जागाच नाही, मराठीत आहे. थेओडेनची भाची एओविन आणि ॲरागॉर्न यांच्याबाबत मात्र टोल्किन यांनी इंग्रजीतली जुनी रूपे मुद्दाम वापरली. ७ मार्चच्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलता बोलता एकदम ‘तू’वर येते आणि त्यातच तिचे मन उघडे पडते. तो ‘तुम्ही’वरच राहतो. ऑगस्टमध्ये, तिचे फारामिरशी लग्न ठरल्याचे जाहीर झाल्यावर, तो तिला शुभेच्छा देतो, तेव्हा तो ‘तू’ म्हणतो. आता त्याचा गैरअर्थ होण्याची भीती उरलेली नसते. मधे शेकडो पाने जातात. मुग्धा कर्णिक यांनी या कादंबरीचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा मराठी अनुवाद केला आहे. ज्यांच्याकडे मूळ आणि अनुवाद दोन्ही आहेत त्यांनी या दोन जागा शेजारी ठेवून जरूर वाचाव्यात.

वेळापत्रकाविषयी थोडेसे. एकूण भाग ६ आणि प्रकरणे ६२. गुरुचरित्राच्या सप्ताहात रोजचे अध्याय ठरलेले असतात, तसे रोज एक प्रकरण ठेवले तर दोन महिने लागतात. पण पहिला भाग भरभर वाचला तरी चालतो आणि तिसऱ्यापासून वेग निम्मा करावा. सगळी कादंबरी तारखेच्या क्रमाने, पाने पुढे-मागे करत वाचण्याचा मोह काहींना होतो. तो दुसऱ्या वाचनात टाळावा. लेखकाने आपल्याला मुद्दाम अंधारात ठेवले आहे, ते कुठे आणि कसे हे पाहायचे तर त्याचाच क्रम हवा.

शेवटी ग्रंथालयांसाठी आणि आपल्या पुस्तक-परिचयाच्या सदरासाठी एक विनंती. ही मुळात एकच कादंबरी आहे. कागदाच्या महागाईमुळे आणि तोट्याच्या भीतीने प्रकाशकाने ती तीन खंडांत काढली: २९ जुलै १९५४, ११ नोव्हेंबर १९५४ आणि २० ऑक्टोबर १९५५. ग्रंथालयात एका वेळी एकच खंड मिळतो, आणि परिशिष्टे तर तिसऱ्यात. त्यामुळे पहिला-दुसरा खंड वाचताना तारखा हाताशी नसतात. शिवाय सगळ्या आवृत्त्या सारख्या नाहीत. १९६८च्या एका खंडातल्या कागदी बांधणीच्या आवृत्तीत ॲरागॉर्न आणि त्याची पत्नी आर्वेन यांची कथा सोडून बाकी परिशिष्टे नव्हती, आणि जुनी पुस्तके विकणाऱ्यांकडे अशा प्रती अजून फिरतात. घेण्याआधी शेवटची पाने उलटून ‘ए’ ते ‘एफ’ ही सहाही परिशिष्टे आणि नकाशे आहेत का, ते पाहावे. नवी प्रत घ्यायची असेल तर २००४मध्ये दुरुस्त केलेली संहिता असलेली घ्यावी. सदरात पुस्तकाची शिफारस करताना एवढा तपशील द्यावा. आणि ग्रंथपालांनी परिशिष्ट ‘बी’मधली त्या एका वर्षाच्या तारखांची चार-पाच पाने झेरॉक्स करून पहिल्या आणि दुसऱ्या खंडाच्या मलपृष्ठाच्या आत एका पाकिटात ठेवावीत.

आपला,
एक वाचक